भयकथा व अद्भुतकथा : आदिबंध आणि त्यांचा विपर्यय

निरनिराळ्या काळांतील व समाजांतील कथांमध्ये पुन:पुन्हा आढळणाऱ्या व्यक्तिरेखा, प्रसंग, स्थळे व प्रतिमा यांना साहित्यसमीक्षेत ‘आदिबंध’ असे म्हणतात. परीक्षेला निघालेला तरुण वीर, त्याला वाट दाखविणारा वृद्ध ज्ञानी, पोसणारी आणि गिळणारी माता, माणसाची पाठ न सोडणारी छाया, उंबरठ्याबाहेर उभा असलेला परका ही त्याची ठळक उदाहरणे होत. भयकथा व अद्भुतकथा या दोन कथाप्रकारांचे आदिबंधांशी असलेले नाते इतर कथाप्रकारांपेक्षा अधिक उघड आहे. वास्तववादी कादंबरीत आदिबंध व्यक्तिचित्रणाच्या आड दडलेला असतो. येथे तो राक्षस, चेटकीण, जादूगार, पिशाच, झपाटलेले घर अशा मूळ रूपातच समोर येतो. वाचक त्याला तत्काळ ओळखतो आणि या ओळखीवरच लेखकाची भिस्त असते. ओळखीची आकृती दाखवून अपेक्षा जागी करावयाची आणि मग ती पुरी करावयाची की उलटवावयाची, हा या कथाप्रकारांतील कळीचा निर्णय होय. अपेक्षा अशी उलटविण्याच्या क्रियेला येथे ‘विपर्यय’ म्हटले आहे.

आदिबंधाची आधुनिक कल्पना मुख्यत: कार्ल गुस्टाफ युंग (१८७५–१९६१) या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या सामूहिक अबोध मनाच्या उपपत्तीतून आली. मॉड बॉडकिन यांनी आर्किटायपल पॅटर्न्स इन पोएट्री (१९३४) या ग्रंथात तिचा काव्यसमीक्षेसाठी उपयोग केला. नॉर्थ्रप फ्राय यांनी ॲनॉटमी ऑफ क्रिटिसिझम (१९५७) मध्ये तिला मानसशास्त्रापासून बरेचसे मोकळे करून साहित्यांतर्गत संकेतांच्या अभ्यासाकडे वळविले. जोसेफ कँबेल यांनी द हीरो विथ अ थाउजंड फेसेस (१९४९) मध्ये सर्व वीरकथांमागे एकच आराखडा असल्याचे प्रतिपादन केले. या शेवटच्या ग्रंथाचा प्रभाव मोठा आहे; पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो फारसा उपकारक नाही. हजार कथा एकसारख्या कशा आहेत हे त्यावरून कळते. त्यांतील एखादी कथा तोच आराखडा घेऊन नेमक्या कोणत्या ठिकाणी अडून बसते आणि का, हे कळत नाही. भयकथेचे मर्म पुष्कळदा त्या अडून बसण्यातच असते.

भारतीय रसविचारात भयानक व अद्भुत हे दोन स्वतंत्र रस मानले असून भय व विस्मय हे त्यांचे अनुक्रमे स्थायिभाव होत. ही विभागणी आजही उपयोगी आहे. अद्भुतकथेतील वाचक अलौकिक सृष्टीचे नियम मान्य करून आत शिरतो. भयकथेत अलौकिक त्याच्या परिचित सृष्टीत घुसते. त्स्व्हेतान तोदोरॉव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात या दोहोंमधील सीमारेषेवर, म्हणजे घडले ते खरे की भास या संशयावर, भर दिला. झिग्मुंड फ्रॉइड यांच्या १९१९ च्या प्रसिद्ध निबंधाचा रोख वेगळा आहे. अगदी घरगुती असलेले काहीतरी दडपले जाऊन परके होऊन परत येते तेव्हा खरी भेसूरता निर्माण होते, असे ते म्हणतात. आदिबंधाच्या विपर्ययाचे बीज या विचारात आहे. कारण परके वाटणारे मुळात आपलेच होते, हा शोध बहुतेक यशस्वी विपर्ययांच्या मुळाशी आढळतो.

विपर्यय ही आधुनिक लेखकांची युक्ती आहे, असा समज रूढ असला तरी तो टिकणारा नाही. वेताळपंचविंशतीची चौकटकथा हे त्याचे उत्तम प्रत्यंतर होय. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) ही कथा गोदातीरीच्या प्रतिष्ठान नगरीच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, त्रिविक्रमसेन राजाची म्हणून येते. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज राजाला एक फळ देतो. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटते आणि आतून रत्न बाहेर पडते. उपकृत झालेला राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जाऊन शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणण्याचे कबूल करतो. श्रोत्यांसमोर आता दोन ओळखीच्या आकृती आहेत : एक दान देणारा साधू आणि एक प्रेतात शिरलेला वेताळ. कोणावर विश्वास ठेवावयाचा हे सांगावे लागत नाही. वेताळ प्रत्येक कथेअखेर प्रश्न घालतो, राजा उत्तर देतो, मौन मोडते आणि प्रेत पुन्हा झाडावर जाते. शेवटच्या कथेतील नातेसंबंधांच्या गुंत्याला राजापाशी उत्तर नसते. तो गप्प राहतो. तेव्हा वेताळ संतुष्ट होतो आणि भिक्षू राजाचाच बळी देणार असल्याचे सांगून त्यातून सुटण्याची युक्तीही शिकवितो. नमस्कार कसा करावयाचा ते आधी तूच करून दाखव, असे राजाने म्हणावयाचे आणि वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवावयाचे.

या विपर्ययाचे वैशिष्ट्य असे की, वेताळ शेवटपर्यंत वेताळच राहतो. तो मुळात सज्जन होता, कोणाच्या शापाने भ्रष्ट झाला होता, असला खुलासा चौकटकथा देत नाही. त्याची भीषणता तशीच ठेवून कथा त्याच्याकडे गुरूचे काम सोपविते आणि गुरुवेषातील माणसाकडे भक्षकाचे. शिवाय रात्रभर राजा ज्याला शत्रू समजून खांद्यावरून वाहत होता, तोच त्याची न्यायबुद्धी घासूनपुसून घेत होता, हे मागे वळून पाहताना लक्षात येते. म्हणजे शेवट बदलल्याने आधीच्या सगळ्या कथांचा अर्थ बदलतो. कोकण व गोव्यात वेताळ हा ग्रामरक्षक देव म्हणून पुजला जातो. गोव्यातील आमोणे व लोलये येथील त्याची देवस्थाने प्रसिद्ध आहेत. भयंकराला रक्षकाचे स्थान देणे या प्रदेशाच्या धार्मिक कल्पनांना नवे नाही. लोकपरंपरेने मूर्तीत जे केले तेच कथेने कथानकाच्या रचनेत केले, असे म्हणता येईल.

युरोपीय भयकथेचा आरंभ सामान्यत: होरेस वॉल्पोल यांच्या द कॅसल ऑफ ओट्रँटो (१७६४) पासून मानतात. त्या कादंबरीत व तिच्या अनुकरणांत जुलमी सरदार, छळ सोसणारी कुमारी, भुयारे असलेला किल्ला या आकृती ठराविक जागी बसल्या. मेरी शेली (१७९७–१८५१) यांनी फ्रँकेन्स्टाइन (१८१८) मध्ये ही मांडणीच मोडली. कादंबरीचे उपशीर्षक आधुनिक प्रॉमीथिअसचा उल्लेख करते. अग्नी आणून मानवाला घडविणाऱ्या उपकारकर्त्या वीराचा आदिबंध तेथे सूचित आहे. पण व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपली निर्मिती डोळे उघडताच तिच्यापासून पळून जातो. निर्माता आहे, पण पालकत्व नाही, हे या कादंबरीतील मूळ पाप होय. राक्षसाला नाव दिले जात नाही. एका झोपडीच्या आडोशाला राहून तो भाषा शिकतो, मिल्टनचे महाकाव्य वाचतो आणि आपण त्यातील आदम असावयास हवे होते, पण सैतान ठरलो, असा स्वत:चा हिशेब मांडतो. बुडणाऱ्या मुलीला वाचविल्यावर त्याला बंदुकीची गोळी मिळते. आंधळा म्हातारा त्याच्याशी माणसासारखे बोलतो. डोळस मुलगा येऊन त्याला मारहाण करतो.

या कादंबरीचे सामर्थ्य तिच्या कथनरचनेत आहे. वॉल्टन या दर्यावर्दीच्या पत्रांत व्हिक्टरचे निवेदन, व्हिक्टरच्या निवेदनात राक्षसाचे निवेदन, अशी ती एकात एक बसविलेली आहे. कादंबरीच्या गाभ्याशी पोहोचल्यावर वाचकाला ऐकू येतो तो राक्षसाचा आवाज, आणि तो तिन्ही निवेदकांत सर्वांत वक्तृत्वपूर्ण आहे. त्याचे गुन्हे मात्र कमी केलेले नाहीत. तो एका लहान मुलाचा गळा दाबतो आणि एका निरपराध दासीवर त्याचा आळ येईल अशी तजवीज करतो. वाचकाला त्याची बाजू घेता येत नाही आणि टाकताही येत नाही. जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या चित्रपटात बोरिस कार्लॉफ यांनी साकारलेला राक्षस जवळजवळ मुका आहे. अभिनय म्हणून ती भूमिका अविस्मरणीय असली, तरी वाणी काढून घेताच विपर्यय अर्धा नाहीसा झाला. लोकव्यवहारात निर्मात्याचेच नाव राक्षसाला चिकटले, यात मात्र एक अजाण न्याय आहे.

रक्तपिपासू पिशाचाच्या, म्हणजे व्हँपायरच्या, आदिबंधाचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जॉन पॉलिडोरी यांची द व्हँपायर (१८१९) ही कथा आणि फ्रँकेन्स्टाइन या दोहोंचा उगम १८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराकाठी जमलेल्या एकाच मंडळीत झाला. पॉलिडोरींनी खेडुतांच्या समजुतीतील फुगलेल्या प्रेताला उमरावाचा पोशाख चढविला. शेरिडन ले फानू यांच्या कार्मिला (१८७१-७२) मध्ये पिशाच पाहुणी व मैत्रीण होऊन घरात येते. अतिथी आणि सखी हे दोन प्रेमळ आदिबंध तेथे एकाच वेळी नासतात. ब्रॅम स्टोकर यांच्या ड्रॅक्युला (१८९७) ने या साऱ्याला जवळजवळ कायमचे रूप दिले. ही कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि एका डॉक्टरने फोनोग्राफवर नोंदविलेली टिपणे यांतून सांगितलेली आहे. तीत जवळजवळ प्रत्येकाला लेखणी मिळते, ड्रॅक्युलाला मिळत नाही. दोन-चार ओळींच्या चिठ्ठ्या सोडल्या तर त्याचे सारे बोलणे त्याच्या शत्रूंच्या नोंदींतून येते. पूर्वेकडून जहाजाने येऊन लंडनमध्ये घरे विकत घेणारा परका स्वत:विषयी काय म्हणेल, हा प्रश्न या रचनेत उद्भवूच शकत नाही.

ॲन राइस यांनी इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर (१९७६) मध्ये नेमके हेच उलटविले. तेथे पिशाच ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसून रात्रभर स्वत:ची कहाणी सांगते. फोनोग्राफ शिकाऱ्याच्या हातून शिकारीच्या हाती गेला, एवढ्या एका बदलाने पुढच्या काही दशकांतील व्हँपायरकथांचा सूर ठरून गेला. तथापि या बदलाची किंमतही मोजावी लागली. पिशाच जसजसे स्वत:च्या दु:खाविषयी अधिकाधिक बोलू लागले, तसतसे ज्यांचे रक्त जाते ते लोक कथेच्या कडेला सरकले. स्टेफनी मायर यांच्या ट्वायलाइट (२००५) पर्यंत येता येता पिशाच हा आदर्श प्रियकर झाला, आणि भयकथा म्हणून त्यात काही शिल्लक राहिले नाही.

त्याआधीच रिचर्ड मॅथिसन (१९२६–२०१३) यांनी आय ॲम लेजंड (१९५४) या छोट्या कादंबरीत अधिक कठोर वाट धरली होती. रोगाने सारी मानवजात व्हँपायर झाल्यावर लॉस अँजेल्समध्ये रॉबर्ट नेव्हिल हा एकटा माणूस उरतो. रात्री तो दारे लावून आत बसतो. बाहेर त्याचा जुना शेजारी त्याला हाका मारीत असतो. दिवसा तो घरोघर हिंडून झोपलेल्या पिशाचांच्या छातीत खुंट ठोकतो. वाचक हे सर्व नेव्हिलच्या डोळ्यांनी पाहतो. वेढ्यात सापडलेल्या एकाकी वीराचा आदिबंध इतका परिचित आहे की, त्या दैनंदिन हत्येकडे काम म्हणून पाहण्याची सवय वाचकाला थोड्याच पानांत लागते. रूथ या स्त्रीच्या आगमनानंतर उलगडा होतो : रोग झालेल्यांपैकी काही जिवंत आहेत, औषधाने रोग आटोक्यात ठेवून त्यांनी नवा समाज उभारावयास घेतला आहे, आणि नेव्हिलने झोपेत मारलेल्यांत असे जिवंत लोकही होते. रूथचा पती त्यांतलाच. या लोकांच्या दृष्टीने दिवसाउजेडी येऊन झोपलेल्यांना ठार करणारा, कधी दिसत नाही पण प्रेते मागे ठेवतो, असा जो कोणी आहे तोच दंतकथेतील राक्षस होय. शीर्षकाचा अर्थ अखेरच्या पानावर कळतो.

येथे कोणाचीही पाटी बदललेली नाही. नेव्हिल दुष्ट नव्हता आणि नसतो. नवा समाज दयाळू आहे असेही नाही, कारण त्याचे शिपाई तितक्याच निर्दयपणे कत्तल करतात. बदलते ती वाचकाची उभे राहण्याची जागा. आपण ज्या खिडकीतून पाहत होतो तिच्या बाहेरूनही कोणी पाहत होते, एवढेच कादंबरी सांगते, आणि तेवढ्याने आधीचे प्रत्येक पान वेगळे होते. वेताळाच्या कथेशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे. या कादंबरीवर १९६४, १९७१ व २००७ मध्ये चित्रपट निघाले. त्यांपैकी शेवटच्या चित्रपटाच्या प्रदर्शित आवृत्तीत नायक औषध शोधून इतरांसाठी प्राण देतो आणि त्या अर्थाने ‘दंतकथा’ ठरतो. मूळ शीर्षक कायम ठेवून त्याचा अर्थ पूर्ण उलट करण्याचा हा विक्रमच म्हणावा लागेल. मॅथिसनने काढून घेतलेला तारणहार चित्रपटाने प्रेक्षकांना परत दिला.

यावरून विपर्ययाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. पहिल्यात केवळ पाट्यांची अदलाबदल होते. खल सज्जन होतो, सज्जन खल होतो, आणि रचना जशीच्या तशी राहते. डिझ्नी कंपनीने स्वत:च्याच १९५९ च्या निद्रिस्त राजकन्येवरील चित्रपटाचा मलेफिसंट (२०१४) मध्ये केलेला नवा अवतार असा आहे. शाप देणारी परी तेथे अन्यायग्रस्त ठरते, पण तिला निर्दोष करण्यासाठी राजाला क्रूर आणि मुलीला सांभाळणाऱ्या पऱ्यांना मूर्ख करावे लागते. जगात एक कोणीतरी निर्भेळ दुष्ट असलाच पाहिजे ही जुनी अट अबाधित राहते. दुसऱ्या प्रकारात आकृतीची शक्ती तशीच राखून कथनाची बाजू हलविली जाते. हा प्रकार अवघड आहे, कारण त्यात वाचकाला आपल्या आधीच्या सहानुभूतीचा जाब द्यावा लागतो.

गृह व माता यांच्या आदिबंधांवर बेतलेल्या भयकथा दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळ जातात. शर्ली जॅक्सन यांच्या द हाँटिंग ऑफ हिल हाउस (१९५९) मधील एलिनॉरने आजारी आईच्या शुश्रूषेत तारुण्य घालविलेले असते. झपाटलेले घर तिला हाकलून देत नाही, तर हवेसे वाटते, आणि भीती आहे ती तेवढ्यापुरतीच. अँजेला कार्टर यांच्या द ब्लडी चेंबर (१९७९, म. शी. रक्ताळलेली खोली) या संग्रहातील शीर्षककथेत शार्ल पेरोच्या निळ्या दाढीच्या सरदाराची १६९७ मधील कथा पुन्हा सांगितली आहे. पेरोच्या कथेत नववधूला तिचे भाऊ वाचवितात. कार्टरच्या कथेत तिची आई घोड्यावरून येऊन जावयाला गोळी घालते. टोनी मॉरिसन यांच्या बिलव्हेड (१९८७) चे स्थान मात्र या सर्वांहून वेगळे आहे. गुलामगिरीत परत जावे लागू नये म्हणून आईने स्वत:च्या हातांनी मारलेली मुलगी तेथे परत येते. ती भूत आहे, हे कादंबरी नाकारीत नाही. पण तिच्या येण्याला जबाबदार कोण, हा प्रश्न आईपाशी थांबत नाही. तो ज्या कायद्याने आईला त्या लाकडाच्या कोठारापर्यंत आणले त्या कायद्यापर्यंत जातो. संतप्त मृतात्म्याचा आदिबंध इतिहासाच्या हिशेबवहीला इतक्या थेटपणे क्वचितच जोडला गेला असेल.

अद्भुतकथेत विपर्ययाचा मुख्य विषय शोधयात्रा हा असतो. जे. आर्. आर्. टॉल्किन (१८९२–१९७३) हे परंपरानिष्ठ लेखक मानले जातात. पण द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) मधील यात्रा काही मिळविण्यासाठी नसून हाती असलेली वस्तू नष्ट करण्यासाठी आहे. अखेरच्या क्षणी फ्रोडो ती टाकण्यास नकार देतो. काम होते ते गॉलमच्या लोभामुळे. विजयानंतर घरी परतलेल्या वीराला आपले गाव पुन्हा आपले वाटत नाही, हेही कँबेलच्या आराखड्यात सहज बसणारे नाही. टॉल्किनच्या असंख्य अनुकरणकारांनी नकाशे, वंशावळी आणि बुटके घेतले. हे अपयश घेतले नाही.

अर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांनी अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८) मध्ये शत्रूचीच कल्पना बदलली. गर्वाच्या भरात तरुण जादूगार गेड एक छाया मोकळी करतो, तिच्यापासून पळतो, गुरूच्या सांगण्यावरून उलटून तिचा पाठलाग करतो आणि समुद्राच्या टोकाशी तिला स्वत:चेच नाव देतो. युद्ध होत नाही. युंगच्या छायाविचाराचे हे जवळजवळ आदर्श कथारूप असून ले ग्विन यांनी १९७५ च्या एका निबंधात हान्स अँडरसनच्या छायेवरील कथेच्या (१८४७) आधारे त्या विचाराची चर्चाही केली आहे. अँडरसनच्या कथेत छाया धन्याला नोकर करते आणि शेवटी त्याचा जीव घेते. मुलांसाठी म्हणून वाचल्या जाणाऱ्या कथांत इतका निष्ठुर शेवट विरळा. गेडची कातडी तांबूस तपकिरी असून त्या जगात गोरे लोक हे टोळीवाले आक्रमक आहेत, ही गोष्ट अनेक मुखपृष्ठकारांच्या ध्यानात आली नाही. पुढे टेहानू (१९९०) मध्ये लेखिकेने स्वत:च्याच सृष्टीची झडती घेतली. तेथे जादूगार आपली शक्ती गमावून शेळ्या राखतो आणि विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश का नव्हता हा प्रश्न प्रथमच विचारला जातो. पहिल्या कादंबऱ्यांवर प्रेम करणाऱ्या काही वाचकांना हे रुचले नाही. तथापि वृद्ध ज्ञानी पुरुषाच्या आदिबंधाची इतकी प्रामाणिक तपासणी त्या आदिबंधाच्या निर्मात्यानेच करावी, हे अद्भुतकथेच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

आदिबंध सार्वकालिक आहेत असे मानले की, ते निरुपद्रवी आहेत असेही मानण्याकडे कल होतो. एच्. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांच्या कथांत मिश्र रक्ताचे व परक्या वंशाचे लोक पुन:पुन्हा अमानुषाचे हस्तक म्हणून येतात. तेथील वैश्विक भय आणि लेखकाचा वंशद्वेष वेगळे काढणे कठीण आहे. त्यांच्या १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेड हुकवरील कथेला व्हिक्टर लाव्हॅल यांनी द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम (२०१६) मध्ये कृष्णवर्णीय नायकाच्या बाजूने उत्तर दिले. चेटकिणीच्या बाबतीत तर आदिबंध आणि आरोप यांत अंतरच राहिलेले नाही. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत हजारो स्त्रियांना त्यापायी प्राण गमवावे लागले. महाराष्ट्रातही, विशेषत: उत्तरेकडील आदिवासी भागांत, डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना घडल्या असून जादूटोणाविरोधी २०१३ च्या अधिनियमान्वये एखाद्या व्यक्तीवर असा आरोप करून तिला त्रास देणे हा गुन्हा ठरला आहे. कथेतील चेटकीण कोणाच्या नजरेने रंगविली जाते, हा प्रश्न म्हणून केवळ रचनेचा राहत नाही.

मराठी लोकसमजुतींतील पिशाचे या संदर्भात विशेष बोलकी आहेत. हडळ ही गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली स्त्री. मुंजा हा मुंज झाल्यावर पण लग्नाआधी मेलेला मुलगा. समंध हा धनात किंवा वारसात जीव अडकलेला पुरुष. यांपैकी प्रत्येकाचा एखादा संस्कार, हक्क वा इच्छा अपुरी राहिलेली आहे. युंगच्या सार्वत्रिक आकृतींपेक्षा हे आदिबंध अधिक नेमके आहेत, कारण समाजाने कोणाचे काय देणे ठेवले याची नोंद त्यांत आहे. हडळीचे उलटे पाऊल कथाकारांनी पुष्कळ वापरले. ती बाळंतपणात का मेली, हे विचारणाऱ्या कथा त्या मानाने थोड्या आहेत.

आधुनिक मराठी भयकथा मुख्यत: नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यामुळे वाचकप्रिय झाली. त्यांनी पाश्चात्त्य कथाबीजे मोकळेपणाने घेतली; लुचाई या कादंबरीमागे स्टीव्हन किंग यांची सेलम्स लॉट (१९७५) ही कादंबरी आहे. किंगच्या कादंबरीत श्रद्धा डळमळताच धर्मगुरूच्या हातातील क्रूस निस्तेज होतो. अशी कथा मराठी मातीत आणताना क्रूसाच्या जागी काय ठेवावयाचे हा प्रश्न केवळ रूपांतराचा नसतो, कारण रक्षणाचे सामर्थ्य कोठून येते याचे उत्तर त्यातून द्यावे लागते. धारपांचे उत्तर त्यांच्या ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेत दिसते. अमानवी शक्तींशी सामना देणारा हा ज्ञानी पुरुष वाचकाला निर्धास्त करतो. भयनिर्मितीत धारप कुशल आहेत. त्यांच्या घरांतील अंधार, बंद खोल्या, वाढत जाणारी अस्वस्थता यांचा परिणाम आजही ओसरलेला नाही. परंतु समर्थ आले की भय संपणार हे वाचकाला ठाऊक असते, आणि तारक गुरूच्या आदिबंधाला या मालिकेत कोठे धक्का लागत नाही. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत असा तारक सहसा नसतो. मध्यमवर्गीय घर, नोकरी, नातेवाईक, लहान मूल यांच्या नेहमीच्या व्यवहारातच तेथे काहीतरी विपरीत उगवते आणि कथा ते निस्तरीत बसत नाही.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांना भयकथाकार म्हणण्याची प्रथा नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. पण पिंगळावेळ (१९७७) मधील ‘स्वामी’ ही कथा प्रस्तुत विषयात टाळता येणार नाही. एका वाटसरूला आदराने मठात नेले जाते. त्याची सेवा होते, आणि मग त्याला जमिनीखालच्या खोलीत कायमचे कोंडून स्वामी केले जाते. त्याला जे मिळते ते भक्तांच्या दृष्टीने सर्वोच्च पद असते. मठाचे महंत क्षांतिशीलासारखे रक्तपिपासू नाहीत. ते नम्र, विचारी आणि आपल्या कार्यावर मन:पूर्वक विश्वास असलेले गृहस्थ आहेत. वेताळकथेतील राजाला धोक्याची सूचना देणारा कोणीतरी प्रेतातून बोलत होता. येथे तसा आवाज नाही. आहे ती कोठडीत वाढत जाणारी आणि उजेडाकडे सरकणारी एक वेल.